एक फोटो शिल्लक होता

अहो, इकडे. दारातून आत आलात की डाव्या हाताला, खुंटीवर. विळा आणि कंदील यांच्या मधे काळं, चामडी पट्ट्याला लटकलेलं जे दिसतंय ना, तो मी बोलतोय. कॅमेरा. गल्लीतली पोरं मला दुर्बीण म्हणतात आणि घरची अंजनाबाई म्हणते ‘देवमनचं डबडं’. सिंहाच्या जांभईत डोकावून आलेल्याला डबडं! पूर्वी मी भडकलो असतो. आता ऐकून घेतो. खुंटीवर राहायचं ठरल्यावर मानपान फार बघून चालत नाही.

माझा जन्म जपानातला, सन चौसष्टचा. पांढरे हातमोजे घातलेल्या बायांनी मला जोडलं. माझ्या पोटात धुळीचा कण जाऊ नये म्हणून त्या श्वाससुद्धा बेतानं घ्यायच्या. तेव्हापासून मला धुळीचा तिटकारा आहे आणि पाण्याची भीती. भीती म्हणजे साधीसुधी नाही. आभाळ नुसतं भरून आलं तरी माझ्या स्प्रिंगा आखडायच्या.

पहिला मालक हॉफमन साहेब. उंच, अबोल, आणि रानटी जनावरांच्या फोटोंपायी जग पालथं घालणारा माणूस. त्याच्या छातीवर लटकून मी बर्फावरचं पांढरं अस्वल पाहिलं, बोर्निओच्या झाडांतली लाल केसांची माकडं पाहिली, आफ्रिकेतले हत्ती पाहिले. माणसं माझ्यासमोर आली की आधी केसांवरून हात फिरवतात आणि मग लाकडासारखी ताठ उभी राहतात. जनावरांना माझी काडीची पर्वा नसते. म्हणून मला तीच आवडायची.

आफ्रिकेतलं एक डबकं मात्र मी विसरलो नाही. उन्हाळा कडक होता आणि मैलोगणती पाणी तेवढंच. पहाटे हत्ती पिऊन जायचे, मग हरणं यायची, मग सिंहीण. हरणं तिच्याकडे तिरक्या डोळ्यांनी बघत उभी राहायची, पण तिचं पिऊन झालं की पुन्हा पुढे यायची. साहेब तिथे दिवसच्या दिवस पडून होता.

मेळघाटातले वाघ टिपायला साहेब वऱ्हाडात आला तेव्हा त्याला रोल धुवायला माणूस हवा होता. अकोल्याच्या एका फोटो स्टुडिओतल्या अंधाऱ्या खोलीत त्याला देवमन सापडला. किन्हीराजाचा पोरगा, बारीक अंगाचा, भलता चिवट. साहेबाने त्याला मेळघाटात नेलं, तिथून आफ्रिकेत नेलं, बर्फावर नेलं. पुढे साहेबाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. त्या दिवशी त्याने माझा पट्टा स्वतःच्या गळ्यातून काढून देवमनच्या गळ्यात घातला आणि पाठ फिरवली. मला फार वाईट वाटलं. पण देवमनचा हात स्थिर होता, आणि कॅमेऱ्याला आणखी काय हवं असतं?

देवमनला एकच ध्यास होता, बिबट. बिबट म्हणजे आमच्या धंद्यातलं सगळ्यात लबाड गिऱ्हाईक. तो अंधारात येतो, अंधारात जातो, आणि उजेडी दिसलाच तर शेपटीचं टोक दाखवून नाहीसा होतो. आम्ही त्याच्यापायी डोंगर तुडवले, झाडांवर बसून पाय बधिर करून घेतले. एका मोठ्या परदेशी मासिकाने देवमनला सांगून ठेवलं होतं, दिवसाउजेडी बिबटाचा समोरून चेहरा आण, मुखपृष्ठावर छापतो. त्या एका चेहऱ्यासाठी आम्ही दोघंही झुरत होतो. मी जरा जास्तच.

त्र्याहत्तरच्या मे महिन्यात देवमन मला घेऊन किन्हीराजाला आला. बुद्धपौर्णिमेला ये म्हणून आईने, अंजनाबाईने, निरोपावर निरोप धाडले होते. मी नाखूश होतो. इथे काय टिपायचं, शेळ्या? त्यात दुष्काळाचं साल. रानात हिरवं पान नव्हतं, माणसं दुष्काळी कामावर खडी फोडून काळवंडलेली, आणि धूळ तर अशी की मला पिशवीतून बाहेर पडायची लाज वाटावी.

वस्तीत सगळ्यांच्या तोंडी विहीर होती. गावची पाटलाची विहीर वेगळी आणि वस्तीची ही वेगळी. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर वस्तीने ठरवलं, आता कुणी वरून ओतेल आणि आपण ओंजळ धरू, हे बंद. घरटी एक माणूस लागला. आधी मुरूम, मग काळा पाषाण. देवमनचा बाप गोविंदा त्या पाषाणावर सुरुंगाची भोकं पाडायचा. गोविंदा आज नाही, विहीर आहे. त्या उन्हाळ्यातही तिच्या तळाला पाणी होतं, आणि त्यावर सगळी वस्ती जगत होती.

पौर्णिमेच्या कार्यक्रमासाठी नवा ओटा बांधायचा होता. दगड कुठून आणायचे? विहिरीच्या कठड्याची एक बाजू ढिली झालीच होती. तिचेच दगड काढून पोरांनी झकास ओटा बांधला. ‘पौर्णिमा झाली का परत लावू’, असं ठरलं. माणसं अशा गोष्टी नेहमी ठरवतात.

पौर्णिमेच्या सकाळी वस्ती पांढऱ्या कपड्यांत ओट्यासमोर बसली. वस्तीतले सगळ्यात जुने नानाजी थरथरत्या आवाजात एकेक शील सांगत होते आणि सगळे मागून म्हणत होते. पहिलं शील जीव न मारण्याचं. देवमन फोटो काढत होता. झेंड्याचा काढला, लेकरांचा काढला, आईचा तर चार-चार वेळा काढला. मी मनात मोजत होतो आणि चडफडत होतो, कारण रोल संपत आला होता. शेवटी एकच फोटो शिल्लक राहिला.

आणि खिरीचं पाणी आणायला गेलेली बाई घागर टाकून किंचाळत आली.

“इहिरीत वाघ पडला! वाघ!”

आमच्याकडे बिबटालाही वाघच म्हणतात. देवमन धावला तसा मी त्याच्या छातीवर आपटत गेलो. कठडा काढलेल्या बाजूला माती घसरली होती. खाली, पाण्याच्या वर एक दगडाची कपार पुढे आलेली, आणि तिच्यावर चार पाय कसेबसे मावलेला, भिजून अर्धा झालेला बिबट. रात्री पाण्याच्या वासाने आला असणार. वर इतकी डोकी दिसताच तो गुरगुरला. तो आवाज विहिरीत असा फिरला की पुढे आलेली माणसं सगळी मागे सरली.

मी खोटं कशाला बोलू? माझी पहिली भावना आनंदाची होती. दिवसाउजेडी बिबट! पण देवमनने मला डोळ्याला लावलं नाही. तो आईकडे बघत होता, आणि आई विहिरीकडे.

तेवढ्यात पंजाबराव आले. गावचे पाटील, मोठे शेतकरी, मोठा आवाज, खांद्याला बारा बोरची बंदूक.

“सरका सारे. एक गोळी घालतो, झगडा खतम.”

नानाजी हात जोडून पुढे झाले. “पाटील, आता सकायीच शील घेतलं आमी. आज जीव माराले नाई जमत.”

“तुमी नोका मारू. मी मारतो. मी कुठी शील घेतलं?”

एकदोघांना हसू आलं, पण अंजनाबाईला आलं नाही. ती पदर खोचून पंजाबरावांच्या आणि विहिरीच्या मधे उभी राहिली.

“अन् मारल्यावर, पाटील? रगत सांडन, मढं पान्यात पडन. सडल्याबिगर राहीन का थे? आमची वस्ती मंग पानी कुठचं पेईन?”

“चार दिवसाची तं गोठ हाय, अंजनाबाई. उपसून घ्याल.”

“बरं. मंग चार दिवस आमी तुमच्या इहिरीवर येतो. घागरी घेऊन.”

पंजाबरावांनी बंदूक एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. त्यांच्यामागे उभ्या असलेल्या गावातल्या माणसांनी इकडेतिकडे पाहिलं. मी पुष्कळ जंगलांतली शांतता ऐकली आहे, पण ही मला आवडली नाही.

“माय,” देवमन म्हणाला, “त्याले जित्ता काढू. बाज सोडू खाली. चारी खुरांले दोर बांधून. तो बाजीवर चढला का वर ओढू.”

“चढला तं!” कुणीतरी म्हणालं.

“माही बाज घ्या,” नानाजी म्हणाले. “मी खाली निजतो.”

बाज मिळाली, पण दोर कुठे होते? वस्तीतल्या घागरींचे दोर आखूड आणि जुने. मग पंजाबराव आपल्याच गड्यांवर खेकसले, “पाहून काय राह्यले? माह्या मयातून मोटेचे नाडे आना!” आणि देवमनकडे बोट करून म्हणाले, “पन मी बंदूक घेऊन हतीच उभा राहीन. मानसावर आला तं कोनाचं शीलबील पाहनार नाई.”

मोटेचा नाडा म्हणजे बैलांनी ओढायचा दोर, मनगटाएवढा जाड. चार नाडे बाजेच्या चार खुरांना बांधले. नाडे ओढणाऱ्यांना विहिरीच्या दोन बाजूंना लांब उभं केलं. कठडा नसलेली बाजू, नाल्याकडची, मोकळी ठेवली. बिबटाने तिकडून निघून जावं असा बेत. काठावर दोर घासू नये म्हणून खाली पोती घातली. जवळ दोर बांधायला खुंट नव्हता, दगड नव्हता. जे काही धरायचं ते हातांनीच.

अडचण अशी की लांब उभ्या असलेल्यांना विहिरीतलं दिसणार नाही, आणि काठावर कुणी थांबलं तर बिबट वर यायचा नाही. विहिरीच्या चौथ्या बाजूला, दोरांपासून दूर, एक लिंबाचं झाड होतं. त्याची एक फांदी थेट विहिरीवर गेलेली. देवमनने चपला काढल्या, मला गळ्यात घट्ट केलं आणि चढला. फांदीवर पोट टेकून तो आडवा झाला. डावा हात त्याने माणसांना दिसेल असा मोकळा सोडला. तळहात वर म्हणजे ओढा, खाली म्हणजे सोडा, मूठ म्हणजे थांबा. उजव्या हातात मी. आता ओरडायचं नव्हतं, बोलायचं नव्हतं.

माझ्या खाली काळं पाणी होतं. मी त्याच्याकडे न बघण्याचा प्रयत्न केला.

बाज हळूहळू खाली गेली आणि कपारीला टेकली. बिबटाने पंजा मारला. नवारीची एक पट्टी टरकन फाटली. देवमनची मूठ मिटली. सगळे थांबले. ऊन चढत होतं, देवमनच्या कपाळाचा घाम माझ्यावर ठिबकत होता, आणि पलीकडे नाडे धरलेली माणसं आभाळाकडे बघावं तशी त्याच्या मुठीकडे बघत होती. किती वेळ गेला कोण जाणे. मग बिबटाने एक पाय बाजेवर ठेवला. काढून घेतला. पुन्हा ठेवला. आणि मग सगळं अंग गोळा करून तो बाजेवर आला.

तळहात वर झाला.

नाडे करकरले. बाज निघाली. पाण्याचे थेंब खाली पडण्याचा आवाज तेवढा येत होता. अर्ध्यात आली आणि एक खूर भिंतीतल्या दगडाला अडकला. बाज कलंडली. बिबटाच्या नख्या नवारीत रुतल्या आणि त्याने असा काही आवाज काढला की उजवीकडच्या दोघांनी दोर सोडला. पुढच्या जगदेवने सोडला नाही. हा जगदेव म्हणजे देवमनचा लहानपणचा सोबती, दुष्काळी कामावर खडी फोडणारा. त्याने दोर कमरेला वेढा देऊन धरला आणि खुणेप्रमाणे जरा ढिला केला. खूर सुटला. बाज सरळ झाली. दोघं खाली मान घालून परत दोराला लागले.

आणि बाज वर आली. काठाच्या जरा खाली, मोकळ्या बाजूला. बिबटाने फक्त उडी मारायची होती.

त्याने मारली नाही.

तो बाजेवर दबून बसला. भिजलेला, थकलेला, कान मागे पाडलेले. मग त्याने मान वर केली आणि सरळ माझ्यात पाहिलं. काय सांगू तुम्हाला! पिवळे डोळे, मिशीवरचे थेंब, नाकावरची जुनी जखम. माझी चौकट काठोकाठ भरली. सगळं जग फिरून आम्ही जे शोधलं ते हे होतं, आणि ते देवमनच्या आईच्या विहिरीत बसलं होतं. ऊन बरोबर. अंतर बरोबर. एक फोटो शिल्लक. देवमनचं बोट बटणावर आलं.

‘दाब,’ मी म्हणालो. ‘देवमन, दाब!’

तिकडे माणसांचे हात संपत आले होते. मुरुमावर अनवाणी टाचा घसरत होत्या. जगदेव गुडघ्यावर आला. बाज एक झटका खाऊन खाली गेली. बिबट आणखीच दबला. त्याच वेळी बंदूक जमिनीवर पडल्याचा आवाज आला. पंजाबरावांनी जगदेवच्या मागे जाऊन दोन्ही हातांनी नाडा धरला होता. “धरा, भाऊ, धरा,” एवढंच ते दबक्या आवाजात म्हणाले. बाज थांबली. पण आता दोर सगळ्यांच्याच हातातून इंचाइंचाने सरकत होता.

वरून भीती घालून उपयोग नव्हता, बिबट पाण्यात उडी टाकेल. त्याला भीती खालून वाटायला हवी होती, मागून. देवमनने खिसा चाचपला. काडेपेटी. चपला झाडाखाली. फांदीवर दगड नव्हता, लाकूड नव्हतं.

त्याने गळ्यातून माझा पट्टा काढला. मला वाटलं, नीट धरायला काढतोय. मी खूश झालो. अजूनही मी म्हणत होतो, दाब.

त्याने मला सोडून दिलं.

मी बाजेच्या मागच्या कडेजवळून गेलो. पडता पडता वर बघत होतो, कारण दुसरं काही मला येतच नाही. गोल आभाळ, त्यात देवमनचा चेहरा, आणि मग धप्प. लांब नळीसकट मी चांगलाच वजनदार होतो. पाणी उंच उडालं. त्या हिरव्या पाण्यातून मी एकच गोष्ट पाहिली. बाजेवरून एक पांढरं पोट, ठिपकेच ठिपके, आभाळावर ताणलं गेलं आणि नाहीसं झालं. माझं बटण कुणी दाबलेलं नव्हतं. त्याचा फोटो नाही.

पुढचं मला ऐकून ठाऊक आहे. बिबट धसकटांतून नाल्याकडे गेला तो एकदाही मागे न बघता गेला. पंजाबरावांच्या अगदी जवळून गेला म्हणतात. “बंदूक हातात असती ना!” असं ते पुढे कित्येक वर्षं सांगत राहिले. नाडा त्यांनी का धरला होता, ते मात्र कुणी विचारलं नाही.

माझं तर सगळं संपलं होतं. गढूळ झालेली विहीर त्याच दुपारी उपसून काढली तेव्हा चिखलाबरोबर बादलीतून मी वर आलो. पोटात गाळ, भिंगात पाणी, रोलचा लगदा. लेकरं गेली, झेंडा गेला, आईचे ते चार फोटो गेले. देवमन ओसरीत बसून रुमालाने मला पुसत राहिला. पुसताना त्याचे डोळे वाहत होते. मी त्याच्यावर फार रागावलो होतो. बोलता येत असतं तर म्हणालो असतो, साहेबाने हे कधी केलं नसतं.

झरे भरेपर्यंत वस्तीत पाणी नव्हतं आणि पौर्णिमेची खीर तशीच राहिली होती. संध्याकाळी पंजाबरावांची बैलगाडी आली. गाडीत पाण्याने भरलेलं लोखंडी टिपाड. ‘विहिरीवर या’ असा निरोप नव्हता. नुसतं टिपाड. अंजनाबाईने क्षणभर पाहिलं आणि म्हणाली, “उतरवा.” खीर झाली.

रात्रीतून झरे भरले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिने टिपाड घासून लखलखीत केलं. मग वस्तीच्या विहिरीतून घागरीवर घागरी आणून ते काठोकाठ भरलं. जगदेव चक्रावला. “अवो काकू, टिपाड वापस द्याचं हाय नं?”

“मंग? कोनाचं भांडं रिकामं धाडत असते काय? आपल्यात हाय का थे?”

शेजारचं भांडं रिकामं परत करायचं नसतं. त्यात चार दाणे तरी घालायचे. एवढं प्रत्येक घरात पाळतात, गावातही आणि वस्तीतही. जगदेव गाडी हाकत गेला. परत आला तेव्हा अंजनाबाई दारातच उभी होती.

“काय केलं पाटलानं?”

जगदेव जोखडाकडे बघत म्हणाला, “बैलाच्या हौदात ओताले लावलं.”

आत येऊन तिने मला या खुंटीवर टांगलं. कठड्याचे दगड त्याच दिवशी पुन्हा बसवले गेले.

देवमन नव्या कॅमेऱ्यासह पुन्हा देशोदेशी निघून गेला. दर बुद्धपौर्णिमेला येतो, मला खाली काढतो, बटण दाबून बघतो. ते हलत नाही. दिवसाउजेडी बिबट त्याला अजून मिळालेला नाही. माझा राग हळूहळू कमी झाला. संध्याकाळी बाया घागरी घेऊन दारावरून जातात, घागरी हिंदकळतात, तो आवाज मला आता आवडतो. पाण्याला भिणारा मी!

आणि परवा, या एकोणऐंशीच्या मे महिन्यात, भर दुपारी दारात सावली पडली. पंजाबराव. आता म्हातारे झालेत, हातात काठी, बरोबर शहरातून आलेला नातू. त्याला बिबटाची गोष्ट सांगून सांगून थकले असावेत, म्हणून मला दाखवायला घेऊन आले होते. “हा पाह्य, हाच थो,” ते म्हणाले. नातवाने मला हात लावला. पंजाबराव ओसरीच्या कडेला टेकले. दम लागला होता. अंजनाबाई चुलीपाशी उभी होती, कपाळावर पदर.

मग पंजाबराव खाली बघत म्हणाले, “अंजनाबाई, पानी देता काय?”

तिने माठातून फुलपात्र भरलं आणि आणून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी फुलपात्र तोंडाला लावलं. गळ्याची घाटी वरखाली होत होती, मिशीवर थेंब आले होते, आणि दारातून येणारं ऊन बरोबर त्यांच्या चेहऱ्यावर पडलं होतं.

‘दाब,’ मी ओरडलो. ‘देवमन, अरे कुठे आहेस? दाब!’

देवमन कुठल्यातरी दूरच्या रानात होता आणि माझं बटण गंजलेलं होतं. म्हणून तुम्हाला सांगतोय. तुम्ही आला आहात, बघून घ्या. फुलपात्र तिथेच आहे, त्या माठावर.

पंजाबरावांनी ते रिकामं केलं आणि पुन्हा पुढे धरलं.

“अजून थोडं द्या,” ते म्हणाले.